कमांडरचा शेवटचा कागद

2024 च्या जानेवारीत सांगलीत आमची कमांडर जीप पीयूसीला नापास झाली. त्या दिवसापासून तिच्या नंबरवर रद्दचा शिक्का बसेपर्यंत साडेपाच महिने गेले. जुनी डिझेल गाडी दारात असलेले पुष्कळ जण आपल्या भागात आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितोय.

गाडी आबांच्या नावावर, 1999 च्या फेब्रुवारीतलं एमएच 10 पासिंग. तासगाव तालुक्यातला आमचा मळा, त्यात पावणेचार एकर द्राक्षबाग. बेदाण्याच्या पेट्या सौद्याला न्यायच्या, औषधांचे डबे आणायचे, बाळंतिणीला मिरजेला पोचवायचं, लग्नाची वऱ्हाडं, गावातलं कुणी आजारी पडलं तर रात्री-अपरात्री सांगली, सगळं हिनंच केलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी भिलवडीकडं चढलं तेव्हा पुराच्या कडेपर्यंत भाकरी आणि कडबा घेऊन हीच जात होती, परत येताना वासरं घेऊन यायची. आबा तिला घरातलं माणूसच समजायचे.

खाजगी गाडीचं पासिंग पंधरा वर्षांचं असतं. ते 2014 ला संपलं, रिपासिंग करून पाच वर्षं मिळाली. 2019 ला पुन्हा पाच. आता तिसरी खेप होती. गावात सगळे सांगत होते की पंधरा वर्षांवरची गाडी सरकार उचलून नेतं. तसं नाही. वय बघून गाडी बंद करायचा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातला आहे. तिथं तेव्हा डिझेलला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा होती. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांचं रिपासिंग मात्र सगळीकडं थांबलं. ऑफिसांच्या जुन्या जीपा रस्त्यावरून गेल्या आणि लोकांनी तोच नियम स्वतःला लावून घेतला. आपल्या खाजगी गाडीला वय आडवं येत नाही, तपासणी आडवी येते. विमा हवा, पीयूसी हवा, पर्यावरण कर भरायचा, मग निरीक्षकासमोर गाडी उभी करायची. जीपची रिपासिंग फी 600 होती, ती 2022 च्या एप्रिलपासून 5000 झाली, 2024 ला तेवढीच होती. ती भरायची माझी तयारी होती.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. बीएस-4 या धुराच्या सरकारी निकषाच्या आधीच्या गाडीचा पीयूसी सहा महिन्यांचा असतो, म्हणजे वर्षातून दोनदा तपासणी. त्यातल्या कित्येक वेळा माझी गाडी तपासलीच गेली नव्हती. एक ओळखीचा माणूस होता, त्याच्याकडं गाडी उभी केली की तो नंबरप्लेटचा फोटो काढायचा आणि दहा मिनिटांत कागद हातात द्यायचा. सायलेन्सरमध्ये नळी गेली की नाही, हे मी कधी विचारलं नाही. कागद मिळाला म्हणजे गाडी पास, अशीच माझी समजूत होती. या वेळी निरीक्षकासमोर जायचं म्हणून खरी तपासणी करून घ्यावी असं वाटलं आणि दुसऱ्या केंद्रावर गेलो.

तिथल्या पोरानं आधी इंजिन तापू दिलं. ऑइल 60 अंशांच्या वर गेल्याशिवाय आकडा धरत नाहीत. मग न्यूट्रलला ठेवून एका दमात पूर्ण रेस करायची आणि सोडायची. पहिल्या काही रेस नुसत्याच, सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी निघून जावी म्हणून. पुढच्या मोजायच्या आणि त्यांची सरासरी काढायची. नळीतून धूर यंत्रात जातो, यंत्र त्याच्या आरपार उजेड टाकतं आणि किती उजेड अडला ते सांगतं. आमच्या वयाच्या डिझेल गाडीला 65 हार्ट्रिजपर्यंत (हे धुराच्या दाटपणाचं माप) मुभा आहे, तोच आकडा के या मापात 2.45 होतो. बीएस-4 गाडीला मुभा कमी, 50, म्हणजे के 1.62. आमचा के आला 4.57. हार्ट्रिजमध्ये 86.

मी स्टिअरिंगवरच बसलेलो. यंत्र बिघडलं असेल, असं म्हणालो. पोरगं शांत होतं. म्हणालं, "काका, तुम्ही उतरा. रेस मी करतो. तुम्ही एकदा मागं उभं राहून बघा."

पंचवीस वर्षं ती गाडी चालवली, पण रेस करताना तिच्या मागं कधी उभा राहिलो नव्हतो. चालवणारा पुढं बघतो. आरशात दिसतो तो रस्ता, आणि धूर तोवर विरळ झालेला असतो. तिथं दोन पावलांवरून बघितलं. आधी एक काळा गोळा जमिनीला घासत आला, मग फुगून कमरेएवढा झाला, आणि वाऱ्यानं रस्त्याच्या कडेला सरकला. कडेला एक बाई भाजीची पाटी घेऊन बसली होती. तिनं पदर नाकाला लावला. आमच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. रागानं लावलेला पदर नव्हता तो. दिवसातून शंभरदा करावी लागणारी गोष्ट माणूस जशी करतो, तसा लावला होता.

तिथून तडक मिस्त्रीकडं गेलो. आमचे मिस्त्री पंप-नोझलचे जुने जाणकार. त्यांनी धूर बघून सांगितलं, काळा आहे म्हणजे डिझेल जास्त आणि हवा कमी. पण कडेला निळसर झाक आहे, म्हणजे ऑइलही जळतंय. पांढरा धूर थंड इंजिनचा, त्याची चिंता नाही. एअर क्लीनरच्या भांड्यात ऑइलचा चिखल झालेला होता, तो काढला. मग नोझल काढून टेस्टरला लावले.

हे मी जवळ बसून बघितलं. हातानं दांडा दाबला की नोझलच्या टोकातून डिझेलचा फवारा यायला हवा, इतका बारीक की हवेत धुकं दिसावं. तीन नोझलांचा बरा होता. चौथ्याची सरळ धार लागत होती आणि दाब सोडल्यावर टोकाला थेंब लोंबत होता. द्राक्षवाल्याला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. औषध फवारायच्या ब्लोअरचं नोझल झिजलं की थेंब मोठा पडतो, पानावरून ओघळतो, औषध जमिनीला जातं आणि पानावरची डाऊनीची बुरशी तशीच राहते. डिझेलचंही तेच. थेंब मोठा पडला की बाहेरचा जळतो, आतला जळायचा राहतो, आणि त्या उरलेल्याची काजळी होते. दर चार दिवसांनी ब्लोअरचे नोझल बदलणारा मी, गाडीचे नोझल शेवटचे कधी बघितले होते ते आठवेना.

पंप बेंचवर चढवून लावून घेतला, नोझल बदलले. साडेनऊ हजार गेले. पुन्हा त्याच केंद्रावर. के 2.91, म्हणजे 71. सहाच अंकांनी राहिली. पोरालाही वाईट वाटलं, त्यानं स्वतःहून आणखी एकदा मोजून बघितलं. तेवढाच आला.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. झाकणातून फुकफुक धूर येत होता, तळहात धरला तर दमट गरम वाफ लागत होती. "रिंगा गेल्यात. बोअर केल्याबिगर खाली येत न्हाय ती," म्हणाले. खर्च ऐंशी हजाराच्या पुढं. आणि मग आवाज खाली करून त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. पंपाचा स्क्रू मारून डिझेल कमी करायचं, गाडीला दम राहणार नाही, पण धूर बसेल. तेवढ्यात पीयूसी काढायचा, रिपासिंग करायचं, आणि परत येऊन स्क्रू होता तिथं आणायचा. माझ्या भल्यासाठीच सांगत होते. हे सगळेच करतात, असंही म्हणाले.

त्या रात्री बराच वेळ हिशेब केला. ऐंशी हजार इंजिनला घातले तरी खालचा पत्रा सडलेला होता, ब्रेक पुन्हा करायचे होते, आणि पाच वर्षांनी परत हाच प्रसंग. स्क्रू मारला तर खर्च काहीच नाही. पण भाजीवाली बाई डोळ्यांसमोरून जाईना. डिझेलच्या धुरानं कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्येच पक्कं सांगितलेलं आहे. तंबाखू ज्या गटात, त्याच गटात डिझेलचा धूर. हे मी वर्तमानपत्रात वाचलेलं होतं. वाचूनही ते माझ्या गाडीच्या धुराबद्दल आहे असं कधी मनात आलं नव्हतं.

सकाळी आबांना सांगितलं. ते म्हणाले, इंजिन काम करून घे, पैसे मी देतो. मी वाद घातला नाही. त्यांना गोठ्यासमोर नेलं, जीप तिथंच उभी असायची, आणि चालू करून एक रेस दिली. आबा मागं उभे. धुराकडं त्यांनी थोडाच वेळ बघितलं. मग ते गोठ्याच्या भिंतीकडं बघायला लागले. सायलेन्सरच्या समोर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, परातीएवढा काळा डाग. त्यांनी बोटानं पुसला, बोट काळं झालं.

"दर दिवाळीला चुना मारतोय मी हितं," आबा म्हणाले. "मला वाटायचं चुलीचा धूर हाय."

त्यानंतर इंजिनचा विषय त्यांनी काढला नाही. फेब्रुवारीत पासिंग संपलं आणि जीप शेडमध्ये लावून टाकली. तो सगळा हंगाम पेट्या भाड्याच्या छोटा हत्तीतून गेल्या.

आता गाडी सोडायची कशी? इथं बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तासगावच्या एका भंगारवाल्यानं बासष्ट हजार सांगितले, रोख, त्याच दिवशी उचलणार. एवढे कसे देतोस विचारलं तर सरळ सांगितलं की डीआय इंजिनला आणि गिअरबॉक्सला गिऱ्हाईक आहे. म्हणजे तेच इंजिन, त्याच झिजलेल्या रिंगांसह, दुसऱ्या जीपमध्ये बसून तोच धूर दुसऱ्या गावात सोडणार. आणि कागद? "आरसीचं पुस्तक बी द्या, आमी बघतो," म्हणाला.

आमच्या एका पाहुण्यांनी असंच पुस्तक दिलं होतं. गाडी तुटली असेल असं ते धरून चालले. दोन वर्षांनी कुठल्याशा अपघाताची चौकशी करत पोलीस दारात आले, नंबर यांचाच. सुटता सुटता पाहुण्यांचं वर्ष गेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 मध्ये स्पष्ट आहे की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं आणि पुस्तक जमा करायचं. भंगारवाल्याच्या दारातून गाडी आत गेली तरी पुस्तकावरचं नाव तुमचंच राहतं. ते पुसायचं काम तुमचं आहे, भंगारवाल्याचं नाही.

2021 च्या सप्टेंबरपासून यासाठी वेगळी नियमावली आहे. सरकारकडं नोंद असलेल्या स्क्रॅपिंग केंद्रावर गाडी दिली की ते केंद्र सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट देतं, गाडी तोडल्यावर तोडल्याचा दाखला देतं, आणि 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदीत नंबर रद्द होतो. ते सर्टिफिकेट दाखवलं तर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते आणि मोटार वाहन करात सवलत मिळते. स्वतःला नवी गाडी घ्यायची नसेल तर ते सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावावर करूनही देता येतं. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरून अर्ज करायचा, केंद्र निवडायचं. मी पुण्याकडचं एक केंद्र धरलं. त्यांनी गाडी नेण्याचं भाडं वजा करून साडेएकेचाळीस हजार सांगितले. भंगारवाल्यापेक्षा वीस हजार कमी. आबांना विचारलं, ते "दे" एवढंच म्हणाले.

अर्ज अडकला तो बोज्यावर. जीप घेताना आबांनी एका पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, 2003 मध्ये फिटलं. फिटल्याची पावती होती. पण पुस्तकावरून बोजा उतरवलाच नव्हता, आणि दोन रिपासिंगमध्ये कुणी विचारलंही नव्हतं. बोजा असलेली गाडी स्क्रॅपला घेत नाहीत. त्यासाठी फॉर्म 35 लागतो, त्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही आणि शिक्का. संस्था तर केव्हाच बंद पडलेली. कुठं कुठं विचारत फिरलो. शेवटी सहकार खात्याच्या ऑफिसात कळलं की संस्था अवसायनात आहे, म्हणजे गुंडाळली जातेय, तिचा अवसायक नेमलेला आहे, आणि सही त्याचीच चालते. अवसायकाकडं अशा कितीतरी संस्था. तो आठवड्यातून एकच दिवस बसायचा, आणि संस्थेचं जुनं खातेपुस्तक गोदामातून शोधून आणायचं होतं. मार्च गेला, एप्रिल गेला. सातव्या खेपेला खातं सापडलं, बाकी शून्य. आबांची ती 2003 ची पावती आईनं लग्नपत्रिकांच्या पिशवीत ठेवली होती म्हणून निभावलं. ज्यांच्या पुस्तकावर जुना बोजा आहे त्यांनी गाडी चालू आहे तोवरच तो उतरवून घ्यावा. बँका एकमेकींत विलीन होतात, पतसंस्था बुडतात, आणि मागं सही करायला कुणी उरत नाही.

बाकीचं त्यामानानं सरळ झालं. एक जुनं ई-चलन निघालं, ते भरलं. आबांचा मोबाईल नंबर नोंदीत नव्हता, तो घातला. चोरीच्या गाड्यांच्या यादीशी नंबर ताडून बघतात, त्याला दोन दिवस गेले. पैसे मालकाच्याच खात्यावर जातात, म्हणून आबांचा रद्द केलेला चेक लागला.

जूनच्या शेवटी गाडी न्यायला ट्रक आला. आदल्या दिवशी आबांनी मला टाकीतलं डिझेल काढायला लावलं. बारा-तेरा लिटर निघालं, ते ट्रॅक्टरला घातलं. ताडपत्री, जॅक, पान्ह्यांची पेटी काढून घेतली. आई हळद-कुंकू घेऊन आली, बॉनेटला लावलं, नारळ ठेवला. आबा शेडमध्ये आले नाहीत, बागेत पाणी सोडायला गेले.

मी ट्रकबरोबर गेलो. तोडताना आपल्यातलं कुणीतरी हजर असावं असं वाटत होतं. तिथं आधी बॅटरी काढली, मग इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, रेडिएटरचं पाणी, प्रत्येकाचं पिंप वेगळं. जमिनीवर एक थेंब पडू देत नव्हते. आमच्या शेडमध्ये तिच्याखालची माती किती वर्षं तेलकट काळी होती, ते आठवलं.

मग चेसिस नंबर. आमच्या जीपला तो उजव्या अंगाला, पुढच्या चाकाच्या वर, गर्डरवर ठोकलेला. 2014 ला रिपासिंगच्या वेळी आबांनी तिथं रॉकेलचा बोळा फिरवून गंज काढला होता, वर कागद धरला होता आणि शिसपेन्सिल घासून एकेक आकडा उठवला होता. मी टॉर्च धरून उभा होतो. आता एका कामगारानं तिथंच ब्रश मारला, फोटो काढला, आणि कटरनं त्या आकड्यांच्या भोवतीनं चौकोन कापला. वितीएवढी पट्टी. ती चिमट्यानं पाण्यात बुडवली, चर्र झालं, पुसली, तिच्यावर आमचा नंबर लिहिलेलं लेबल लावलं आणि कपाटात ठेवली. सहा महिने जपून ठेवावी लागते, म्हणाला. त्यानंतर त्या जीपला कुणी जीप म्हणू शकलं नसतं. इंजिनच्या ब्लॉकला माझ्यासमोर मोठं भोक पाडलं.

चार दिवसांनी आबांच्या मोबाईलवर नोंदणी रद्द झाल्याचा मेसेज आला. मी दोन्ही दाखले छापून आणले आणि त्यांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून नंबर वाचला, अक्षर अन् अक्षर, मग तारीख वाचली. कागदाची नीट घडी केली आणि पुस्तकाच्या झेरॉक्सबरोबर पिशवीत ठेवली.

"टाकीत काय राहिलं न्हवतं न्हवं?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, सगळं काढून घेतलं होतं, ट्रॅक्टरला घातलं.

"मग बरं," म्हणाले, आणि चुन्याची बादली कुठं ठेवली ते आईला विचारायला आत गेले.